विचारण्याचा संकोच आणि लिनक्सचा जन्म

कसबा पेठेतील तांबट आळीत भांड्यांवर पडणारे ठोके आपण ऐकले असतील. मठारल्याने मऊ तांबे कठीण होते. पण ठोका किती जोराने द्यायचा, हे पुस्तकात सापडत नाही. नवशिका ते शेजारी बसलेल्याला विचारतो.

याच पेठेतील आमच्या घरी, वयाच्या पंचेचाळिशीत, आम्ही लिनक्स ही संगणकप्रणाली शिकायला बसलो. संशोधनाला लागणारी आज्ञावली तिच्यावरच चालत होती. पहिल्याच संध्याकाळी 'परवानगी नाही' अशा अर्थाचा संदेश पडद्यावर उमटला. संगणक आमचा, फाईल आमची आणि परवानगी मात्र नाही! विद्यार्थ्यांना विचारावे, तर डॉक्टरेट आड येत होती. आठवडा तसाच गेला.

हा संकोच किती अनाठायी होता, हे लिनक्सचा इतिहास वाचल्यावर कळले. कोणीही वापरावी, वाचावी, सुधारावी आणि वाटावी अशी प्रणाली घडवण्याचा 'ग्नू' प्रकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केला. पुढील काही वर्षांत तिची बरीच साधने तयार झाली, पण यंत्राशी थेट बोलणारा गाभा तयार नव्हता. जुलै १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने 'मिनिक्स' वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरील गटात एक प्रश्न टाकला : पॉझिक्स या मानकाचे नियम कुठे मिळतील? ऑगस्टमध्ये, आपण एक प्रणाली लिहीत आहोत, तिच्यात काय हवे, असे त्याने सर्वांना विचारले. आरी लेमके याने संगणकावर तिला जागा दिली आणि 'लिनक्स' हे नावही दिले. टॉरवाल्ड्सच्या मनात 'फ्रीक्स' होते! १९९२ मध्ये त्याने ग्नूचा परवाना स्वीकारला आणि जगभरच्या सुधारणा तिच्यात येऊ लागल्या.

विचारणारा केवळ घेतो असेही नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. संगणकाने दोन्ही शब्द सारखेच दाखवले, तर फिनलंडमधील माणसाला ती चूक कशी दिसणार? ती मराठी वाचणाऱ्यानेच सांगायला हवी.

अखेर आम्हीही इंटरनेटवर प्रश्न टाकला. एका अनोळखी माणसाने उलट विचारले : कोणती आज्ञा दिलीत? काय व्हायला हवे होते? संदेशाचे नेमके शब्द कोणते? प्रयोगवहीत आपण याच तर नोंदी करतो! उत्तर सोपे निघाले. लिनक्समध्ये फाईल वाचणे, तिच्यात लिहिणे आणि ती चालवणे या तीन वेगळ्या परवानग्या असतात. तिसरी आम्ही दिलीच नव्हती.

असे नेमके विचारणे वर्गातही शिकवता येईल. मात्र त्याआधी विद्यार्थ्यांनी एक वाक्य आपल्या तोंडून ऐकायला हवे : "हे मला ठाऊक नाही, चला, कुणाला तरी विचारू."