जात्यावरील ओवी

जात्यावरील ओवी हा महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांनी धान्य दळताना गाइलेला मौखिक गीतप्रकार आहे. घरातील स्त्रीच्या रोजच्या कष्टांतून व सुखदुःखांतून तो घडला.

दळण व गायन

जात्याच्या दोन दगडी तळ्यांपैकी खालची स्थिर असते. वरची तळी लाकडी खुंट्याने फिरवतात आणि तिच्या तोंडातून मूठमूठ धान्य वैरतात. दिवसभर शेत, पाणी व स्वयंपाक ही कामे असल्याने दळण पहाटेच उरकावे लागे. जड जाते बहुधा दोघी मिळून ओढत. एक ओवी गाई व दुसरी तिला साथ देई. जात्याच्या फेऱ्यांमुळे गाण्याला लय मिळे आणि गाण्यामुळे श्रम हलके होत.

विषय

आरंभी बहुधा देवाचे स्मरण असते. त्यानंतर माहेर, भाऊ, लेकीची पाठवणी, सासुरवास, पाऊसपाणी, सीतेचा वनवास, पंढरीची वारी असे विषय येतात. मराठवाड्यातील दलित स्त्रियांच्या ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीची कृतज्ञता आढळते. चारचौघांत बोलता न येणारे दुःख स्त्री जात्यापाशी बोलून दाखवी. त्यामुळे लिखित इतिहासात फारसा न उमटलेला स्त्रियांचा अनुभव या ओव्यांत टिकून राहिला.

इतिहास व संकलन

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२व्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. आधुनिक काळात साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या संग्रहात स्त्रियांच्या ओव्या एकत्र केल्या. हेमा राईरकर व गी पॉत्वँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या १ लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' (पारी) या संकेतस्थळावर २०१७पासून त्या प्रसिद्ध होत आहेत.

सद्यस्थिती

पिठाची गिरणी गावात आल्यावर स्त्रियांचे मोठे कष्ट वाचले, मात्र ओवी गाण्याचा रोजचा प्रसंगही संपला. ओव्या लिहून ठेवण्याची रीत नव्हती. आई, सासू वा शेजारीण गाताना ऐकूनच त्या पाठ होत. म्हणून आज त्या मुख्यतः वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आहेत. लग्नात हळद दळण्याच्या विधीत काही ठिकाणी त्या अजूनही गातात.