पोटमाळ्यावरच्या दोन टाक्या

ब्रिटनमधल्या जुन्या घरांच्या पोटमाळ्यावर, छपराला लागून, पाण्याच्या दोन टाक्या असत. थोरली साधारण सव्वादोनशे लिटरची. तिच्यातून न्हाणीघराच्या नळांना आणि गरम पाण्याच्या सिलिंडरला पाणी जाई. धाकटी जेमतेम अठरा लिटरची, ती फक्त बॉयलर आणि रेडिएटरांसाठी राखलेली. घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचा इतिहास सहसा कोळसा, मग गॅस अशा इंधनाच्या अंगाने सांगितला जातो. पण बॉयलर बसवणाऱ्या प्लंबरचे निम्मे काम पाण्याचे असते, आणि तो इतिहास या दोन टाक्यांपाशी सुरू होतो.

थोरली टाकी आली ती पाणी वेळेवर येत नसे म्हणून. एकोणिसाव्या शतकात लंडनला खासगी कंपन्या पाणी पुरवत आणि अनेक वस्त्यांत ते ठरावीक दिवशी, ठरावीक तासच येई. आल्या वेळी भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १८७१ च्या कायद्याने लंडनमध्ये अखंड पुरवठ्याची दिशा ठरली, पुढे पाणी चोवीस तास येऊ लागले, तरी टाकी हलली नाही. रस्त्याखालच्या वाहिनीतला दाब अचानक पडला तर घरातले पाणी उलटे ओढले जाऊन सगळ्या गल्लीच्या पिण्याच्या पाण्यात मिसळू शकते. ही भीती खरी होती. मधे टाकी असली, तिच्यात पाणी वरून पडत असले, की हा उलटा मार्ग तुटतो.

घरातला पहिला बॉयलर म्हणजे स्वयंपाकघरातल्या लोखंडी चुलीच्या पाठीमागे बसवलेली पाण्याची पेटी. पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, गार पाणी जड म्हणून खाली उतरे, एवढ्यावरच पाणी फिरे. हा ओढा फार दुबळा असल्यामुळे नळ जाड लागत, त्यांना सतत चढ द्यावा लागे आणि सिलिंडर बॉयलरच्या वर ठेवावा लागे. कडाक्याच्या थंडीत याच रचनेने जीव घेतले. रात्री नळ गोठत, सकाळी नेहमीप्रमाणे चूल पेटे, आणि बर्फाने तोंड बंद झालेल्या पेटीतल्या पाण्याला फुगायला वाट उरत नसे. पेटी फुटून स्वयंपाकघर उद्ध्वस्त होई. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि कधीही बंद न होणारा उघडा नळ यांचा आग्रह अशा अपघातांतून आला.

सुरुवातीला नळाचेच पाणी बॉयलरमधून जाई, म्हणजे रोज नवे पाणी आणि त्याबरोबर रोज नवे क्षार. चुनखडीच्या प्रदेशात पेटी आतून दगडासारखी होई. त्यावरचा उपाय म्हणजे सिलिंडरच्या आत गुंडाळलेली नळी. बॉयलरचे पाणी त्या नळीतून फिरे आणि बाहेरचे, वापरायचे पाणी तिच्या उष्णतेने तापे. दोन्ही पाण्यांची फारकत झाली आणि बॉयलरच्या पाण्याला स्वतःची टाकी लागली, तीच ही धाकटी.

तिचे काम बारीक हिशेबाचे होते. १० अंश सेल्सिअसचे १०० लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापवले तर ते जवळजवळ तीन लिटरने वाढते. म्हणून धाकट्या टाकीचा बॉलकॉक मुद्दाम खाली बसवत. गार असताना टाकीत वीतभरही पाणी नसे, उरलेली जागा फुगून आलेल्या पाण्यासाठी. बॉयलरपासून एक नळ सरळ वर येऊन टाकीच्या तोंडावर वाकलेला असे. हवा आणि वाफ त्यातून निघून जाई. त्याच्यावर तोटी किंवा झडप बसवायला सक्त मनाई होती.

१९५० च्या दशकात छोटे, आवाज न करणारे पंप आले आणि अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या नळ्यांतून अख्ख्या घरात पाणी फिरवता येऊ लागले. लंडनच्या १९५२ च्या जीवघेण्या धुरक्यानंतर १९५६ मध्ये कोळशाच्या धुरावर बंधने घालणारा स्वच्छ हवेचा कायदा झाला. १९६१ च्या पार्कर मॉरिस अहवालाने, बाहेर उणे एक अंश असताना बैठकीच्या खोलीत १८ अंश सेल्सिअस हवेत, अशी अपेक्षा मांडली. १९६७ ते १९७७ या दशकात उत्तर समुद्राचा गॅस घरोघर पोहोचला. १९७० च्या सुमारास ब्रिटनमधल्या तीनांतल्या एका घरातही सेंट्रल हीटिंग धड नव्हते. पुढच्या दोन-तीन दशकांत ते सर्रास झाले.

पंपाने मात्र नवे दुखणे आणले. तो चुकीच्या जागी बसला, तर उघड्या नळातून पाणी उसळून धाकट्या टाकीत पडे किंवा त्याच नळातून हवा आत ओढली जाई. पोलादी रेडिएटरांना याहून वाईट काही नाही. पिण्याच्या पाण्याला आपण ताजे हवे म्हणतो, इथे उलट. बॉयलरच्या फेऱ्यातले पाणी जितके शिळे तितके चांगले. एकदा त्यातला ऑक्सिजन गंजात संपला की गंजणे मंदावते. दर वेळी नवे पाणी, नवी हवा आत येत राहिली तर रेडिएटरच्या तळाशी काळाकुट्ट, शाईसारखा गाळ साचतो. हा मॅग्नेटाइट, लोहाचाच ऑक्साइड. रेडिएटर वरून कोमट आणि खालच्या मध्यभागी गार लागला की गाळ ओळखावा. वरचा भाग गार असेल तर तिथे वायू अडकलेला असतो. छोट्या चावीने तोटी सैल केली की तो फुसफुसत बाहेर येतो. तो नेहमी नुसती हवा असतो असे नाही, गंजण्यातून सुटलेला हायड्रोजनही असतो.

या दुखण्यावरचा उपाय म्हणजे फेरा पूर्ण बंद करणे. कल्पना जुनीच होती: अँजिअर मार्च पर्किन्स याने १८३१ मध्ये लंडनला बंद नळ्यांच्या तापनपद्धतीचे पेटंट घेतले होते. नव्या रचनेत धाकट्या टाकीची जागा लोखंडी डब्याने घेतली. त्याच्या आत रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कोंडलेला वायू. पाणी फुगले की वायू दबतो. गार असताना दाब साधारण १ ते १.५ बार ठेवतात आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. पाणी भरायला बॉयलरखाली तारेच्या जाळीने मढवलेली लवचिक नळी असते, तिच्यात उलटा प्रवाह अडवणारी दुहेरी झडप. दाबाचा काटा हव्या त्या आकड्यावर आला की तोट्या बंद करून ती नळी काढून ठेवायची, असा दंडक आहे. शंभर वर्षांपूर्वीची उलट्या प्रवाहाची भीती या हातभर नळीत अजून जपलेली आहे.

जर्मनीच्या व्हायलांट कंपनीने १९६७ मध्ये घर आणि नळाचे पाणी दोन्ही तापवणारा भिंतीवरचा कॉम्बी बॉयलर आणला. ब्रिटनमध्ये पाणीपुरवठ्याच्या १९८६ च्या नमुना उपविधींनी साठवलेले गरम पाणीही थेट मुख्य वाहिनीच्या दाबावर ठेवण्याची मुभा दिली. थोरल्या टाकीची गरज अशी दोन्हीकडून संपत गेली, पण सगळा भार रस्त्यावरच्या वाहिनीवर आला. कॉम्बी लावण्याआधी प्लंबर स्वयंपाकघराचा नळ पूर्ण सोडतो, मोजपात्र खाली धरतो आणि घड्याळाकडे पाहतो: मिनिटाला किती लिटर? दहाच्या बरेच खाली आले तर मोठा बॉयलर घेऊनही शॉवरची धार बारीकच राहते. अशा वेळी रस्त्यावरून घरात येणारी शिशाची जुनी नळी असेल तर ती बदलावी लागते, नाहीतर टाकी-सिलिंडरची जुनीच व्यवस्था ठेवणे बरे.

कॉम्बीबरोबर क्षारांचा प्रश्नही परतला, कारण नळाचे रोजचे ताजे पाणी पुन्हा बॉयलरमधल्या अरुंद वाटांतून जाऊ लागले. लंडनसारख्या कठीण पाण्याच्या भागात क्षार-प्रतिबंधक उपकरण लावण्याची शिफारस असते. फेऱ्यातल्या पाण्यासाठी १९९२ मध्ये बीएस ७५९३ हे ब्रिटिश मानक आले: आधी नळ्या धुऊन काढा, मग गंजरोधक घाला. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीने फेऱ्यात गाळणीही आवश्यक ठरवली. तिच्यात बहुधा चुंबक असतो. वार्षिक देखभालीत प्लंबर ती उघडतो, चुंबकाला चिकटलेला काळा गाळ धुतो, पाण्यात गंजरोधक पुरेसे उरले आहे का ते तपासतो आणि झाकण पुन्हा आवळतो.