मोर्सचा आठवा दावा

पेटंट हा शासन आणि संशोधक यांच्यातला करार असतो. संशोधकाने आपली युक्ती कागदावर उलगडून सांगायची आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षे तिचा मक्ता मिळवायचा. पण सांगण्यातच चूक राहिली तर? अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये अशा चुकीला क्षमा नव्हती. सूतकताईच्या यंत्रांमुळे गाजलेल्या रिचर्ड आर्कराइटचे 1775 चे पेटंट 1785 मध्ये रद्द झाले, त्यामागे वर्णनाचा अपुरेपणा हेही एक कारण होते. (वर्णन त्याने मुद्दामच मोघम ठेवले, असा आरोप होता!)

अमेरिकेत मात्र सदोष पेटंट परत देऊन दुरुस्त पेटंट घेण्याची प्रथा पडली. तिला कायद्याचा आधार नव्हता. तरीही 1832 मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ती उचलून धरली. चूक प्रामाणिक असेल, तर संशोधकाचा मोबदला शब्दांपायी का बुडावा, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. त्याच वर्षी तसा कायदाही झाला. 1837 मध्ये दुसरी वाट खुली झाली. जमिनीच्या व्यवहारातले हक्कसोडपत्र आपल्याला ठाऊक आहे. तसेच पेटंटातला जास्तीचा दावाही सोडून देता येऊ लागला.

तारयंत्राच्या सॅम्युअल मोर्सने पहिली वाट दोनदा वापरली. 1840 चे पेटंट त्याने 1846 मध्ये आणि पुन्हा 1848 मध्ये दुरुस्त करून घेतले. या अखेरच्या पेटंटातला आठवा दावा मात्र विलक्षण होता. वर्णन केलेल्या यंत्रापुरते आपण थांबत नाही. विद्युतप्रवाहाच्या बळावर दूर अंतरावर अक्षरे वा खुणा उमटवण्याची कोणतीही रीत आपलीच, असे त्यात म्हटले होते. आमच्या मते ही दुरुस्ती नव्हे, हाव होती.

हेन्री ओरायली याच्याशी झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1854 मध्ये हा दावा फेटाळला. उद्या कोणी मोर्सच्या यंत्राचा एकही भाग न घेता अधिक सोपी, स्वस्त रीत शोधली, तर तिच्यावर मोर्सचा हक्क कसा, असा सरन्यायाधीश टॉनी यांचा मुद्दा होता. मात्र एका दाव्यापायी सारे पेटंट बुडाले नाही. बाकीचे दावे आणि ओरायलीवरील मनाई कायम राहिली. आठवा दावा वेळीच न सोडल्याबद्दल मोर्सला खटल्याच्या खर्चावर तेवढे पाणी सोडावे लागले.