सिव्हिल लाइन्सची हद्द

1923 साली नागपुरात एका मोटारीचा लिलाव पुकारला गेला आणि बोली लावायला कोणी पुढे आले नाही. मोटार जमनालाल बजाज यांची. झेंडा सत्याग्रह चालवल्याबद्दल त्यांना 18 महिन्यांची शिक्षा आणि 3,000 रुपये दंड झाला होता. दंड भरायचा नाही हे ठरलेलेच होते, म्हणून वसुलीसाठी सरकारने मोटार जप्त केली. नागपूर म्हणजे काही आडगाव नव्हते. एम्प्रेस मिल सुरू होऊन तेव्हा 46 वर्षे झाली होती. कापसाचे व्यापारी, मालगुजार, वकील, मोटार सहज परवडेल अशी घरे शहरात होती, आणि जप्तीचा माल स्वस्तात पडतो हे त्यांतल्या प्रत्येकाला कळत होते. तरी गिऱ्हाईक मिळेना. शेवटी मोटार विकण्यासाठी काठेवाडात न्यावी लागली. बेबंद सत्तेखाली लोक विरोध कसा करतात, याचा अभ्यास हे आज राज्यशास्त्रातले मोठे दालन आहे. मोर्चे किती, माणसे किती, अटका किती, मागण्या पदरात पडल्या किती, अशी तिथली मोजपट्टी असते. माझे म्हणणे असे की नागपूरचा तो उन्हाळा आणि पावसाळा या पट्टीने मोजला तर हाती फारसे काही लागत नाही. ज्या दिवशी सरकारला आपले रोजचे, बिनमहत्त्वाचे काम आपल्याच शहरात उरकता आले नाही, त्या दिवसाकडे बघावे लागते.

आधी जागा समजून घेतली पाहिजे, कारण भांडण जागेचेच होते. सीताबर्डीच्या जोडटेकडीवर नोव्हेंबर 1817 मध्ये अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि इंग्रजांनी तिथे किल्ला बांधला. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्यप्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी. टेकडीच्या पूर्वेला महाल, इतवारी, भोसल्यांचे जुने गजबजलेले शहर. पश्चिमेला आणि उत्तरेला झाडीतले बंगले, कचेऱ्या, सदरचे चर्च, रुंद मोकळे रस्ते. ही सिव्हिल लाइन्स. नेटिव्हांनी तिकडे जाऊ नये अशी पाटी कुठे नव्हती. कारकून, खानसामे, माळी, पक्षकार रोज जात-येत होते. एकट्याने, कामापुरते, मान खाली घालून जायला हरकत नव्हती. दहा जणांनी हातात झेंडा घेऊन जायला हरकत होती. 1919 च्या कायद्याने प्रांताला कायदेमंडळ मिळाले, काही खाती मंत्र्यांकडे गेली, पण पोलीस आणि शांतता-सुव्यवस्था गव्हर्नरच्या हाताखालीच राहिली. तेव्हा कोणत्या रस्त्याने कोणी, कशासह, किती जणांनी जायचे, हा प्रश्न मतपेटीच्या बाहेरचा होता. तो रस्त्यावरच विचारता येत होता.

तो विचारला गेला, तो काळही चळवळीच्या भरतीचा नव्हता. गांधीजी मार्च 1922 पासून येरवड्यात होते. कायदेमंडळात जायचे की नाही यावरून काँग्रेस दुभंगली होती. जबलपूरला नगरपालिकेच्या इमारतीवर चरख्याचा झेंडा लावण्यावरून वाद पेटला आणि तो नागपूरला आला. 13 एप्रिल 1923 रोजी, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सच्या तोंडाशी पोलिसांनी अडवली आणि स्वयंसेवकांना मार पडला. 1 मेपासून रीतसर सत्याग्रह सुरू झाला आणि 144 कलम लागले. पुढचा क्रम मुद्दाम साधा ठेवला होता. रोज एक लहान तुकडी झेंडे घेऊन शहरातून निघायची, हद्दीशी यायची, परत फिरण्याचा हुकूम ऐकायची, फिरायची नाही आणि अटक व्हायची. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. नागपूरच्या मे महिन्यातली दुपार ज्याने पाहिली आहे त्याला यातली चिकाटी वेगळी सांगायला नको. 17 जूनला जमनालालजींना पकडले, तेव्हा गुजरात, बिहारपासून तुकड्या येऊ लागल्या. विनोबा याच सत्याग्रहात तुरुंगात गेले, सुभद्राकुमारी चौहान याच सत्याग्रहात पकडल्या गेल्या. जुलैत वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली. दीड हजाराहून अधिक माणसे आत गेली. 17 ऑगस्टला बंदीहुकमाची मुदत संपली, सरकारने तो पुन्हा काढला नाही, आणि 18 ऑगस्टला 100 स्वयंसेवकांची मिरवणूक झेंडे घेऊन सिव्हिल लाइन्समधून, चर्चच्या बाजूने, निघून गेली. पुढच्या काही आठवड्यांत कैदी सुटले.

आता अभ्यासकाच्या टेबलावर हे प्रकरण ठेवू. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांचे 2011 चे पुस्तक या क्षेत्रात सर्वांत जास्त उद्धृत होणाऱ्या पुस्तकांपैकी आहे. 1900 ते 2006 या काळातल्या 323 मोहिमा त्यांनी तपासल्या आणि दाखवले की अहिंसक मोहिमांपैकी सुमारे 53 टक्के यशस्वी झाल्या, सशस्त्र मोहिमांपैकी 26 टक्के. हे काम मोलाचे आहे. अहिंसा म्हणजे दुबळ्यांची हतबलता, या समजाला त्याने आकड्यांनी उत्तर दिले. पण त्या यादीत शिरायचे तर मोहिमेचे ध्येय राजवट उलथण्याचे, परकी सत्ता हाकलण्याचे किंवा वेगळे होण्याचे असावे लागते. चर्चच्या रस्त्याने झेंडा नेऊ द्या, एवढीच मागणी असलेले नागपूर तिथे स्वतंत्र नोंद म्हणून येऊच शकत नाही. फार तर भारतीय स्वातंत्र्यलढा नावाच्या एका ओळीत ते विरघळून जाते. आणि माणसे मोजली तरी काय दिसेल? साडेतीन महिन्यांत दीड हजार, तीही निम्म्या देशातून आलेली. एखादा पोलीस सुपरिंटेंडेंट हाच आकडा दाखवून म्हणू शकला असता की स्थानिक जनतेचा पाठिंबा नाही.

इथे ती मोटार कामाला येते. तिमूर कुरान या तुर्की वंशाच्या अभ्यासकाने 1989 च्या पूर्व युरोपाबद्दल एक मर्मभेदी मांडणी केली. दडपशाहीत माणसाच्या मनातली पसंती एक असते आणि चारचौघांत दाखवलेली दुसरी. म्हणून राजवट कोसळेपर्यंत ती भक्कमच दिसते, आणि कोसळल्यावर सगळे म्हणतात, हे होणारच होते. मग कोसळण्याआधी मनातले कळावे कसे? लिलाव ही त्यासाठी फार चांगली जागा आहे. मिरवणुकीत जाणाऱ्याला धोका पत्करावा लागतो, म्हणून घरी बसलेल्याबद्दल काहीच सांगता येत नाही. लिलावात उलटे असते. बोली लावण्यात कायद्याचा धोका नाही, वर फायदा आहे. गप्प राहण्याने मात्र नुकसान होते. जो तुरुंगात जायला तयार नव्हता, ज्याने कधी खादी घातली नसेल, ज्याला सरकारी कंत्राट हवे होते, असा माणूसही तिथे हात वर करू शकला नाही. त्या न उठलेल्या हातांत मला नागपूरचे मत दिसते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. बोली न लावणे ही सहानुभूती कशावरून? जप्तीची मोटार घेणाऱ्यावर शहराने बहिष्कार टाकला असता, त्याच्या दुकानाची पायरी कोणी चढले नसते, म्हणून लोक गप्प राहिले असतील. कुरान यांच्याच भाषेत बोलायचे तर ही चळवळीच्या भीतीने दाखवलेली खोटी पसंती असू शकते. मी हा आक्षेप टाळणार नाही. काही जणांच्या बाबतीत तो खरा असणार. पण त्याचा अर्थ काय निघतो ते पाहावे. व्यापाऱ्याला एका बाजूने कलेक्टर कचेरी बोलावते आहे आणि दुसऱ्या बाजूने शेजारपाजार अडवतो आहे, आणि तो शेजाराचे ऐकतो. म्हणजे शिक्षा करण्याची आणि मान देण्याची ताकद शहरात आता दोन ठिकाणी आहे. पहिल्या ठिकाणी फौज, तुरुंग आणि तिजोरी. दुसऱ्या ठिकाणी यांतले काहीही नाही. गप्प राहणाऱ्याच्या मनात प्रेम होते की धास्ती, हे ठरवता आले नाही तरी सत्तेची जागा सरकली होती, हे ठरवता येते.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे आणि त्या ऑगस्टमध्येच घेतला गेला: हा विजय नव्हताच, तडजोड होती. विठ्ठलभाई पटेल गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांना भेटले होते. सरकारी बाजूचे म्हणणे, संयोजकांनी मिरवणुकीची परवानगी मागितली आणि आम्ही दिली. वल्लभभाईंचे म्हणणे, आम्ही मार्ग आणि वेळ कळवली, परवानगी मागितली नाही. एका कागदाला अर्ज म्हणायचे की सूचना, यावरून दोन्हीकडे शाई खर्ची पडली. पुढच्या इतिहासकारांपैकी काहींनी काँग्रेसचे शब्द उचलले, काहींनी सरकारी फाइलचे, आणि आपापल्या निकालावर ठाम राहिले. मला वाटते, हा वादच सर्वांत मोठा पुरावा आहे. ज्या सरकारने दीड हजार माणसे आत टाकताना नावाची पर्वा केली नाही, त्याला आता एका कागदाच्या नावासाठी झटावे लागत होते. झेंडा गेला तो गेलाच; तो आमच्या मर्जीने गेला एवढे तरी लोकांनी मानावे, अशी ही धडपड होती. लोकांनी ते मानले नाही.

पण सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. 1923 चे सरकार अर्धेमुर्धे उघडे होते, कायदेमंडळ होते, वर्तमानपत्रे होती, लंडनला प्रश्न विचारणारे होते. खरी दंडुकेशाही असती तर सत्याग्रह तीन दिवसांत चिरडला असता, असे म्हणतात. याचे उत्तर दुसऱ्या देशात शोधायला नको. तोच प्रांत, तीच राजधानी, 19 वर्षांनंतर. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमी, चांदा जिल्ह्यातले चिमूर. चले जाव चळवळीच्या त्या दिवसांत जमावावर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा तरुण मारला गेला, आणि खवळलेल्या जमावाने चार सरकारी माणसे ठार केली. हे झाकून चिमूर सांगता येणार नाही. पण त्यानंतर तीन दिवसांनी फौज गावात शिरली. पुरुष पकडून नेले होते, घरांत बायका होत्या. त्यांच्यावर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी करायला सरकारने साफ नकार दिला. इथे हद्दीशी थांबवून परत फिरा म्हणणारा कोणी नव्हता. युद्धाच्या दिवसांत या राजवटीचे दुसरे तोंड उघडे पडले. तरीही मूळ मुद्दा मला इथेच अधिक पक्का होताना दिसतो.

गांधीजींचे अनुयायी प्रा. भणसाळी यांनी चिमूरच्या चौकशीसाठी उपोषण आरंभले. सरकारने त्याची बातमी छापायलाच बंदी केली. उपोषणाचा 20 वा, 30 वा, 40 वा दिवस उलटला आणि वाचकाला पत्ता नाही. तेव्हा देशभरच्या संपादकांनी सरकारकडे चौकशी मागत बसण्यापेक्षा वेगळा रस्ता धरला. बंदी उठत नाही तोवर गव्हर्नमेंट हाउसची परिपत्रके छापायची नाहीत, आणि नव्या वर्षाची किताबांची यादीसुद्धा नाही. 6 जानेवारी 1943 ला वर्तमानपत्रांनी हरताळ पाळला. रावबहादूर आणि सर झालेल्यांची नावे सकाळच्या अंकात नाहीत, या गोष्टीचा साम्राज्याच्या फौजेवर काडीचा परिणाम होणार नव्हता. पण किताब देऊन मिंधे करण्याचा सगळा व्यवहार ती यादी शेजाऱ्यांनी वाचण्यावर चालत होता. 12 जानेवारीला, 63 व्या दिवशी, उपोषण सुटले. चौकशी मिळाली नाही, बातमीवरची बंदी मात्र उठली. पुन्हा तेच: मोठी मागणी फेटाळली गेली आणि एका रोजच्या कामापाशी सरकार अडले. त्या उघड्या झालेल्या फटीतूनच पुढची वर्षे नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी चिमूरच्या आणि त्याच चळवळीतल्या आष्टी गावच्या कैद्यांना फासावरून वाचवण्याची मोहीम नेली, आणि अखेरपर्यंत फासाची शिक्षा कायम राहिलेल्यांचीही फाशी टळली. यशापयशाच्या रकान्यात 1942 समोर अपयश लिहिणाऱ्याला या जिवांची नोंद कुठे करायची, हे सांगता येणार नाही.

अभ्यासकाची अडचण मला समजते. लिलाव पुकारला आणि कोणी बोलले नाही, हे अर्काइव्हमध्ये सापडायचे तर एखाद्या वसुली कारकुनाच्या पत्रव्यवहारात, मोटार बाहेर पाठवण्याच्या खर्चाच्या मंजुरीत सापडेल. भाषणे छापली जातात, ठराव जपले जातात, गुप्त पोलिसांच्या पाक्षिक अहवालांत सभांची गर्दी लिहिली जाते. चिमूरच्या बायकांनी काय भोगले ते चौकशीच न झाल्यामुळे सरकारी दप्तरात त्यांच्या शब्दांत नोंदलेच गेले नाही. त्यांना जाऊन भेटलेल्या नागपूरच्या स्त्रियांच्या तोंडून ते बाहेर आले. म्हणून या विषयाचे संशोधन करणाऱ्याने गृहखात्याच्या फाइलींइतकाच वेळ वसुलीच्या, छपाईच्या, रजेच्या आणि बदल्यांच्या कागदांना द्यावा, असे मी आग्रहाने म्हणेन. नागपूरच्या स्वातंत्र्यकाळावर निघालेली पुस्तके नेत्यांच्या अटकांच्या तारखांनी भरलेली आहेत, आणि त्या मोटारीला बहुतेक ठिकाणी एक वाक्य मिळते.

सिव्हिल लाइन्सची हद्द इंग्रज गेल्याने पुसली गेली नाही. विधानभवन त्याच भागात आहे. दर हिवाळी अधिवेशनात विदर्भभरातून मोर्चे येतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, टेकडी रोड अशा ठरलेल्या ठिकाणी कठड्यांपाशी थांबवले जातात. 23 नोव्हेंबर 1994 ला तिथे गोवारी समाजाचा मोर्चा थांबवलेला होता. लोक दिवसभर बसून होते, संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसे मेली; त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. सरकार लोकांनी निवडलेले होते आणि काही महिन्यांनी लोकांनीच ते घालवले, त्यामुळे 1923 शी किंवा चिमूरशी त्याची सरळ तुलना होत नाही. पण नकाशा मांडून पाहिला तर गोवारी जिथे थांबवले गेले ती जागा आणि झेंड्याच्या तुकड्या ज्या दिशेने जायला निघत ती दिशा, दोन्ही सीताबर्डीच्या त्याच टेकडीभोवती आहेत. तिथल्या उड्डाणपुलाला आता गोवारी शहिदांचे नाव आहे.