‘थयसर’ म्हणजे नक्की खयसर?

मे महिन्यात मालवणला गेलो होतो. भाचा ओसरीवर बसून बीजीएमआय खेळत होता. एकदम ओरडला, “अरे थयसर आसा, थयसर!” ते ‘थयसर’ म्हणजे कुठे हे कळेपर्यंत त्याचा साथीदार गेलासुद्धा. हसू नका. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही हेच केलंय, ते पुढे सांगतो.

शत्रू कुठे आहे हे आपल्या माणसाला कळवायचं कसं, हा प्रश्न जुना आहे. फेब्रुवारी 1670 मध्ये कोंढाणा घेतल्यावर मावळ्यांनी गडावरच्या पागेला आग लावली आणि राजगडावरून महाराजांनी तो उजेड पाहिला, असं सभासद बखर सांगते. युक्ती सुंदर, पण माहितीच्या हिशेबात ती एकच बिट. गड आला की नाही, एवढंच. तानाजी पडले हे त्या उजेडातून कळणार नव्हतं.

नेमकी जागा सांगायची वेळ आली पहिल्या महायुद्धात. विमानातून तोफेचा गोळा कुठे पडला ते दिसायचं, पण वैमानिकाकडे फक्त मोर्स पाठवायचं यंत्र. उलट निरोप हवा तर खालच्या तोफवाल्यांनी जमिनीवर कापडाच्या पट्ट्या अंथरायच्या. मग ब्रिटिशांनी 1915 च्या सुमारास घड्याळ-पद्धत आणली. नकाशावर पारदर्शक चकती ठेवायची, मध्यबिंदू लक्ष्यावर, 12 चा आकडा उत्तरेला. अंतराला अक्षरं: ए म्हणजे 50 यार्ड, बी 100, सी 200. ‘सी 9’ आलं की गोळा लक्ष्याच्या पश्चिमेला 200 यार्डांवर पडला. दोन चिन्हांत काम झालं!

यातली खरी गंमत आकड्यांत नाही, मध्यबिंदू कुठे धरला यात आहे. चकती लक्ष्यावर ठेवलेली, त्यामुळे विमान कुठल्याही दिशेला तोंड करून असो, निरोपाचा अर्थ तोच. पुढे लढाऊ विमानांत ‘12 वाजता’ म्हणजे ‘माझ्या नाकासमोर’ झालं. तिथे तोंड बदललं की अर्थ बदलला. गेममधल्या होकायंत्राचे अंश तोंड बदलल्याने बदलत नाहीत, पण बघणाऱ्याची जागा बदलली की बदलतात. भाच्याला शत्रू 100 मीटरवर समोर दिसतोय आणि साथीदार 50 मीटर बाजूला आहे, तर दोघांच्या अंशांत जवळपास 27 चा फरक पडतो. गणित स्वतः करून बघा. म्हणून आकडा ओरडण्यापेक्षा नकाशावर खूण करणं बरं. फेब्रुवारी 2019 मध्ये आलेल्या एपेक्स लेजंड्सने तर न बोलता, नुसत्या खुणांनी खेळता येईल अशी सोय केली.

आता माझं. किनाऱ्यावरच्या खडकांतले नमुने घेताना मी वहीत लिहिलं होतं, ‘मोठ्या खडकाच्या डाव्या बाजूला’. कुणाच्या डाव्या? समुद्राकडे तोंड करून की किनाऱ्याकडे? पावसाळ्यानंतर सहकारी गेली ती दुसऱ्याच बाजूला, आणि दोन हंगामांची तुलना बाद झाली. चूक तिची नव्हती. मोबाइलच्या जीपीएसवर भागेल असंही समजू नका. त्यात काही मीटरची चूक सहज असते आणि माझी चौकट अर्ध्या मीटरची.

उपाय सुचवला तो वाड्यातल्या एका मच्छीमार काकांनी. ते जाळ्याची जागा दोन रेषांनी धरतात: देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खाचेत आला की एक रेषा, दुसरीकडे तशीच दुसरी. रेषा छेदतात तिथे जागा. “डावा-उजवा कित्याक व्हया?” काका म्हणाले. आता माझ्या वहीत प्रत्येक चौकटीपुढे दोन रेषा आणि दोन फोटो असतात.