चाकांचा थरकाप (शिमी)

चाकांचा थरकाप : अखंड पुढील आस असलेली जीप वा पिकअप ट्रक विशिष्ट वेगाने जात असताना रस्त्यातील एखादा खड्डा किंवा पुलाचा सांधा लागताच तिची पुढील दोन्ही चाके एकाएकी डावी-उजवीकडे जोराने थरथरू लागतात, सुकाणू चक्र चालकाच्या हातून सुटेल इतके हिसके देते आणि वेग पुष्कळ कमी केल्याखेरीज हा प्रकार थांबत नाही. या आविष्कारास शिमी असे म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या, खांदे थरथरविण्याच्या एका नृत्यावरून हे नाव पडले. त्याच्या अत्यंत उग्र रूपाला अमेरिकन चालक ‘डेथ वॉबल’ म्हणजे मृत्युकंप म्हणतात. हे नाव भडक असले, तरी भरधाव वाहनांच्या रांगेत असताना ज्याच्या हातातील सुकाणू असे उसळते, त्याला ते अतिशयोक्त वाटत नाही.

असंतुलित चाकामुळे होणारी सामान्य थरथर आणि शिमी या दोहोंची पुष्कळदा गल्लत होते. पहिला प्रकार प्रणोदित कंपनाचा (बाहेरील आवर्ती प्रेरणेमुळे होणाऱ्या कंपनाचा) असून चाकाच्या दर फेऱ्यास एक धक्का बसतो. शिमी हे स्वयंउत्तेजित आंदोलन आहे. त्याला लागणारी ऊर्जा वाहनाच्या पुढे जाण्याच्या गतीतूनच, टायर व रस्ता यांच्यातील आडव्या प्रेरणांमार्फत मिळत राहते. लहान धक्का बसल्यास चाके क्षणभर डळमळून स्थिर होतात. धक्का विशिष्ट मर्यादेपलीकडचा असेल, तर मात्र आंदोलन वाढून एका ठरावीक विस्ताराला टिकून राहते. यामुळेच तीच गाडी त्याच रस्त्यावर दहा वेळा सुरळीत जाते आणि अकराव्या वेळी थरथरू लागते. कारखान्यात तपासणीसाठी आणल्यावर दोष ‘सापडत नाही’ ही वाहनधारकांची जुनी तक्रारही यामुळेच समजू शकते.

मोटारगाडीच्या आरंभीच्या काळात टायर अरुंद व कडक हवेचे असत आणि पुढील चाकांना बहुधा ब्रेक नसत. १९२३ मध्ये फायरस्टोन कंपनीने कमी दाबाचे जाड बलून टायर प्रचारात आणले. त्याच सुमारास चारही चाकांना ब्रेक बसविण्याची पद्धत रूढ होऊ लागली. प्रवाशांना हे टायर सुखावह वाटले. तथापि पुढील आसाच्या टोकांवरील वजन वाढले आणि त्याखालील आधार मऊ झाला. परिणामी रस्त्यावरील नेहमीच्या वेगांना शिमी होऊ लागली आणि एक किरकोळ उपद्रव अभियंत्यांपुढील मोठी समस्या बनला.

तिचा पहिला महत्त्वाचा उलगडा फ्रान्समध्ये झाला. झॉर्झ ब्रूलिए यांनी १९२५ मध्ये दाखविले की, आडवी प्रेरणा लागलेले हवाभरे चाक आपल्या प्रतलाच्या दिशेने न जाता तिच्याशी लहानसा कोन करून जाते. आडव्या सरकण्याची ही कल्पना पुढे वाहनांच्या स्थैर्याच्या सर्व अभ्यासाचा पाया ठरली. दिमित्री सांसो द लाव्हो यांनी १९२७ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे शिमीचे गणिती विवेचन मांडले. (हे गृहस्थ बहुविध बुद्धीचे होते. ब्राझीलमध्ये असताना त्यांनी १९१० मध्ये स्वतः बांधलेले विमान उडविले होते आणि बिडाचे नळ केंद्रोत्सारी पद्धतीने ओतण्याची कृतीही त्यांचीच.) जर्मनीत बेकर, फ्रोम व मारून यांनी १९३१ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

या संशोधनातून जी यंत्रणा स्पष्ट झाली ती अशी : अखंड आसाचे एक टोक वर व दुसरे खाली गेले की, आसाबरोबर दोन्ही फिरती चाके कलतात. फिरते चाक ही एक घूर्णीच असल्याने त्याचे प्रतल कलविताच ते किंगपिनाभोवती (ज्या उभ्या खिळीभोवती चाक वळते तिच्याभोवती) वळू पाहते. उलट, चाक किंगपिनाभोवती वळले की आस कलू लागते. अशा रीतीने आसाचे डोलणे व चाकांचे वळणे ही दोन आंदोलने एकमेकांना जुंपली जातात. दोहोंच्या कंप्रता (दर सेकंदास होणारी आवर्तने) जवळ आल्या आणि सांध्यांतील घर्षण अपुरे पडले की थरकाप सुरू होतो.

निदान झाल्यावर उपाय उघड होता. तो म्हणजे आसच काढून टाकणे. रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये जनरल मोटर्सकडे आलेले मॉरिस ऑली यांनी हे काम केले आणि १९३४ च्या गाड्यांना प्रत्येक पुढील चाकाचे स्वतंत्र निलंबन मिळाले. चाक जवळजवळ सरळ वर-खाली जाऊ लागल्याने घूर्णी परिणामाची जुंपणी तुटली. फोर्डने अखंड आस १९४८ पर्यंत ठेवली व १९४९ च्या गाडीत ती सोडली. त्यानंतर शिमी हा विषय मोटारगाडीपेक्षा विमानाच्या अवतरण चक्रांचा समजला जाऊ लागला. त्या क्षेत्रात जर्मनीत फोन श्लिप्पे व डीट्रिख यांनी १९४१ मध्ये व रशियात केल्डिश यांनी १९४५ मध्ये मूलभूत कार्य केले. पुढे नेदर्लंड्समध्ये पासेका यांनी १९६६ मध्ये डेल्फ्ट येथे याच विषयावर प्रबंध सादर केला.

परंतु ट्रकांमध्ये आस राहिली. शेव्हरोलेच्या हलक्या ट्रकांना १९६० मध्ये व फोर्डच्या दोनचाकी चालनाच्या पिकअपांना १९६५ मध्ये स्वतंत्र निलंबन मिळाले, तरी चारचाकी चालनाच्या भारी ट्रकांत अखंड आसच वापरली जात राहिली. ती मजबूत व दुरुस्तीस सोपी असते, जड भार सोसते आणि ओबडधोबड जमिनीवर चाके जमिनीला टेकलेली ठेवते. हा व्यवहार चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. मात्र आसाबरोबर तिचा जुना रोगही मागे उरला.

पाट्यांच्या कमानींमुळे आस आडवी सरकत नाही. मुंबईत महिंद्र कंपनीने जुळविलेल्या विलीज जीपमध्ये अशाच कमानी होत्या. तिच्या किंगपिनाच्या धारव्यांचा (बेअरिंगांचा) ताण पातळ चकत्या घालून वा काढून राखावा लागे. तो ढिला पडला की चाके थरथरत. पुढे पाट्यांच्या जागी मळसूत्री स्प्रिंगा आल्या : जीप चेरोकीत १९८४, डॉज रॅममध्ये १९९४ व फोर्ड सुपर ड्यूटीत २००५ या सालांपासून. प्रवास अधिक सुखाचा झाला. पण मळसूत्री स्प्रिंग आसाला आडवा आधार देत नाही. त्यासाठी सांगाड्यापासून आसापर्यंत एक तिरका दांडा बसवितात. सुकाणूची पेटी सांगाड्यावर असल्याने या दांड्याचे रबर झिजले किंवा बोल्टाचे भोक लांबट झाले, तर आस आडवी हलते आणि चालकाने सुकाणू न फिरविताही चाके वळतात. गाडी उंच करून मोठे व जड टायर बसविण्याच्या हौसेमुळे दांड्यांचे कोन बिघडतात आणि आंदोलनाला पोषक स्थिती निर्माण होते.

सुकाणू अवमंदक (आडवा धक्काशोषक) बदलणे हा सर्वांत प्रचलित उपाय आहे. जीप रँग्लरच्या निर्मात्यांनी २०१९ मध्ये नवे अवमंदक बसवून देण्याची मोहीम घेतली. त्याच वर्षी फोर्डच्या भारी पिकअपांच्या मालकांनी कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. अवमंदक आंदोलनाची ऊर्जा शोषतो, हे खरे. परंतु मूळ कारण झीज हे असल्यास ती तशीच राहून वाढत जाते. म्हणून चाके जमिनीवर ठेवून एकाने सुकाणू चक्र थोडे थोडे दोन्ही बाजूंस हलवावे आणि दुसऱ्याने खालून तिरक्या दांड्याची दोन्ही टोके, चेंडू-सांधे व किंगपिन क्रमाने पाहावेत, अशी पद्धत आहे. जेथे धातू हलण्यापूर्वी क्षणभर उसंत दिसते, तेथे दोष असतो. टायरांतील हवेचा दाब व चाकांचे संतुलन यांची तपासणी त्यानंतर करतात. रस्त्यावर असताना थरकाप सुरू झाल्यास सुकाणू घट्ट धरून प्रवेगक सोडणे व हळूहळू वेग उतरविणे एवढेच चालकाच्या हाती असते.