पिशवीची जाडी आणि लखनौची बंदी

लखनौच्या चौक भागात थंडीतली माखन-मलाई द्रोणात किंवा कुल्हडमध्ये देण्याची जुनी रीत. त्याच शहरावर पिशवीबंदी दोनदा आली. पहिली २१ जानेवारी २०१६ रोजी. ती निष्प्रभ ठरल्याने १५ जुलै २०१८ पासून उत्तर प्रदेश सरकारने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्या पुन्हा बंद केल्या, तर १५ ऑगस्टपासून प्लास्टिक व थर्माकोलचे पेले आणि ताटल्या. महाराष्ट्रातील बंदीची अंमलबजावणी त्याआधी तीनच आठवडे, २३ जूनला सुरू झाली होती.

पण कायद्याने जाडीच का मोजावी? उत्तर कचरावेचकाच्या तराजूत आहे. त्याला मोल मिळते ते वजनाचे. २० बाय २५ सेंटीमीटरची, २० मायक्रॉनची पॉलिथिन पिशवी जेमतेम दोन ग्रॅम भरते. किलोसाठी सुमारे ५४० पिशव्या वेचाव्या लागतात. एवढे कोण वाकणार? म्हणून पातळ पिशवी नाल्यात आणि तेथून गोमतीत जाते. १९९९ च्या केंद्रीय नियमांतील मर्यादा नेमकी हीच, २० मायक्रॉन होती. पुढे ती ४०, ५०, ७५ अशी चढत ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० झाली; आता किलोला नव्वद पिशव्या पुरतात. जाड पिशवी महाग पडते, म्हणून दुकानदारही ती फुकट देताना कचरतो आणि गिऱ्हाईक घरून कापडी पिशवी आणते. अर्थात, त्याच वर्षी १ जुलैपासून प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ व ताटल्या देशभर बंद झाल्या, तेव्हा त्यांच्यासाठी जाडीची सवलत ठेवलीच नाही.